आजी नापास, आबा पास

"मॅडम, आमचे हेडसर म्हातारे झालेत की नाही, हे नेमकं कसं ओळखायचं?"

हा प्रश्न मी विचारला. होय, मीच! भर सभागृहात, माईक हातात घेऊन, आणि हेडसर पहिल्याच रांगेत बसलेले असताना!

तुम्ही म्हणाल, पोरगी आगाऊ आहे. आहेच, पण अलीकडेच झाली आहे. नववीच्या दिवाळीपर्यंत मी इतकी लाजाळू होते की हजेरीला माझ्या नावापुढचं "हजर" सुद्धा शेजारची प्रतीक्षा म्हणायची. मग वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजन जरा जास्तच मिळालं, असं आमच्या घरचे अजून म्हणतात.

झालं असं की, म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीवर बोलायला आमच्या अकोल्याच्या शाळेत एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. शेजारून प्रतीक्षाने मला कोपर मारलं. "हेडसर म्हातारे झाले का, हे विचारून दाखव ना! विचारलंस तर जीवशास्त्राच्या सगळ्या आकृत्या मी काढून देते. पचनसंस्थेसकट!"

पचनसंस्थेसाठी मी काहीही करू शकते. मी उठले.

सभागृह गार पडलं. हेडसरांचे कान लाल झाले. पण डॉक्टर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "छान प्रश्न आहे! वय जन्माच्या दाखल्यावर असतं, पण मी वय बघत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या शेतात विहीर आहे? वरून डोकावलं तर सगळ्याच विहिरींत पाणी दिसतं. मोटर लावली की कळतं, झरा कुठं आहे आणि कुठं नाही. माणसाचंही तसंच. एक आजोबा टायफॉईडमधून उठून शेतात जातात, दुसरे साध्या सर्दीने खाटेला लागतात. वय तेच! आत झरा किती उरलाय, तो फरक. ह्या आटण्याला आम्ही फ्रेलिटी म्हणतो."

मग त्यांनी खुणा सांगितल्या. वजन आपोआप उतरणं, सारखा थकवा, चाल मंदावणं, मूठ सैल पडणं, हिंडणं-फिरणं कमी होणं. यातल्या दोन-तीन दिसल्या की सावध व्हायचं. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायची चाचणीही दाखवली, आणि ती दाखवायला त्यांनी कोणाला बोलावलं असेल? हेडसरांना! सर पटापट उठले-बसले. पाचव्या वेळी शाळेच्या खुर्चीचा पाय मोडला. सर पास झाले, खुर्ची नापास झाली, आणि सभागृह छप्पर उडेल असं ओरडलं.

त्यानंतर मॅडम आणखी काहीतरी महत्त्वाचं बोलल्या. मी तेव्हा मागच्या बाकांकडे वळून टाळ्या स्वीकारत होते.

घरी येऊन मी जाहीर केलं, "मी आता फ्रेलिटी तपासू शकते! कोणाला तपासू?"

"रविवारी मळ्यावर चाल," पप्पा म्हणाले. "आई-बाबाले तपास. आईचा बाजार बंद करून त्या दोघायले अथी आनाचं का नाई, ते एकदाचं ठरवून टाकू."

आता आमची माणसं सांगते. आम्ही, म्हणजे मी, आई आणि पप्पा, अकोल्यात जठारपेठेत राहतो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. ही नसलेली लिफ्ट लक्षात ठेवा. आजी आणि आबा राहतात बाळापूरच्या अलीकडे, आमच्या भाजीच्या मळ्यावर. आबा पिकवतात आणि आजी बाळापूरच्या आठवडी बाजारात विकते. मेथी, वांगी, सांबार. (पुण्याच्या वाचकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नाही.) बाजारात कडुलिंबाच्या झाडाखाली आजीची जागा आहे. ती जागा ती सोन्याच्या पोतीसारखी जपते, कारण बाजाराचा कायदाच असा की ओळीनं काही बाजार तुम्ही दिसला नाहीत, तर तिथं दुसरं कोणीतरी पोतं पसरतं. मग भांडून काही उपयोग नाही.

म्हणजे माझ्या चाचणीवर आजीची जागा टांगलेली होती. आणि ही चाचणी घेणार होती कोण? उत्तेजनार्थ!

रविवारी आम्ही मळ्यावर पोचलो. फाटकातच आबांचा कुत्रा आडवा पडला होता. गेल्या खेपेला हाडकुळा होता, आता अंगानं ढोलकीसारखा झाला होता, उठून भुंकायचाही त्याला कंटाळा. मी म्हटलं, ह्याचीही तपासणी करावी.

ओसरीवर मोठे आबा बसलेले होते. मोठे आबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ, जानराव. शेजारच्याच घरात राहतात आणि दर रविवारी पप्पांना भेटायला येतात. अडकित्त्यानं सुपारी कातरत ते बाजेवर असे बसले होते, जणू निकाल त्यांच्याच सहीनं लागणार आहे.

मी ओसरीवर खडूने रेघा मारल्या, भिंतीला खुर्ची लावली, मोबाईलमधलं घड्याळ काढलं. पहिले आबा.

"आबा, ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत नेहमीच्या चालीनं चाला."

"नेहमीच्या? पाय मंग!" (हा पाय म्हणजे "पाहा".)

आणि आबा सुटले! दावं तोडून गोऱ्हा सुटतो तसे! दुसऱ्या रेघेवर थांबतात कसले? थेट पाण्याच्या टाकीला जाऊन टेकले. तिथून, टाकी धरूनच, ओरडले, "काय पाहून राहिली? लिव्ह!"

मग खुर्ची. ओठ मिटून, डोळे वटारून आबा पाच वेळा उठले. चेहरा पार वांग्याच्या रंगाचा झाला. "पानी पिऊन येतो" म्हणून आत गेले, ते सगळ्यांचा चहा संपला तरी बाहेर आले नाहीत. आल्यावर मी विचारलं, "आबा, वजन उतरलंय का?"

"उनायात सगळ्यायचंच उतरते बाई!"

त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं दिसत होती. मी म्हटलं, वा! काय फिटनेस! आमच्या पप्पांचं पोट पट्ट्याच्या बाहेर लोंबतंय, आणि आबांची कंबर ह्या वयात बारीक होतेय! मी आबांना पूर्ण गुण देऊन टाकले.

मग आजी आली.

ही तीच आजी, जी पहाटे मेथीचं गाठोडं स्वतः टेम्पोत टाकते. पण त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून निघाली ती पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीला घासत, जमिनीवर पापड वाळत घातले असावेत तशी पाऊल जपून टाकत! माझ्या घड्याळाला जांभई यायची बाकी राहिली.

"आजी, जरा नेहमीसारखं चाल ना."

आजी आणखी हळू झाली!

"बरं, आता खुर्चीवर बस."

मान हलली. बसली नाही.

"अगं खुर्ची आहे, विंचू नाही!"

पदराआडून एक डोळा माझ्यावर असा रोखला गेला की मी खुर्ची पुन्हा नीट पाहिली. शेवटी तिनं खुर्चीच्या कोपऱ्यावर स्वतःचा कोपरा टेकवला न टेकवला, आणि भिंत धरून उभी राहिली. पुन्हा काही बसेना. मूठ आवळून दाखव म्हटलं, तर तिनं माझा हात कोंबडीचं पिल्लू धरावं तसा धरला आणि लगेच सोडला.

"थकवा येतो का गं?"

पदर हलला.

"जेवण कमी झालंय का?"

पदर हलला.

"कामं होईनाशी झालीत?"

पदर जोरात हलला. आता पदर वर-खाली हलला की आडवा, हे बाहेरून कोण सांगणार? मी प्रत्येक वेळी "हो" धरलं.

मी घसा साफ केला आणि वक्तृत्वाच्या आवाजात निकाल सांगितला, "आबा पास! आजी नापास! आजीला फ्रेलिटी आहे!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. पप्पांचा चेहरा मात्र पडला. मोठ्या आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "गोदाबाईनं लय केलं बाप्पा आजवर. आता बसवा तिले घरी. बाजार-गिजार बंद."

पदराच्या आतून, शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा आवाज आला.

"बघा," मी म्हटलं, "धापही लागते तिला!"

हे सगळं मी लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. शेवटी रडणारे दोन चेहरेही जोडले. तिथंच माती खाल्ली! कारण त्या ग्रुपवर माझी रागिणी आत्या आहे. आत्या अमरावतीला राहते, आणि चिंता करण्यात सगळ्या विदर्भात तिचा हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी आत्या जीप करून मळ्यावर हजर! जीपमधून आधी वॉकर उतरला, मग संडासाची खुर्ची, मग ताकदीच्या पावडरीचा डबा, आणि सगळ्यात शेवटी रडत रडत आत्या. मीही पप्पांबरोबर तिथंच होते. शाळेला सांगितलं, आजी आजारी आहे.

"आई वं! कावून नाई सांगतलं मले?"

आजी तेव्हा वखराचं दांडकं उचलून गोठ्यात नेत होती. मोठे आबा आसपास नव्हते, त्यामुळं पदर खोचलेला आणि आवाज मोकळा. "काय सांगू? मले काई झालं नाई!"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पाय. झालं ते कबूलच नाई करत. लक्षण आहे हे. मी व्हिडिओ पाह्यला."

"अवं रागिणी, त्या दिवशी काय झालं माईत हाये का, त्या दिवशी ओसरीवर—"

"बोलू नको आई, दम लागंल तुले!"

आजीनं वॉकर उचलून मेथीच्या वाफ्यात भिरकावला.

"चिडचिड!" आत्या म्हणाली. "लक्षण!"

आजी हताश होऊन गप्प बसली.

"उदास झाली. हेबी लक्षणच!"

आता सांगा, ह्यातून माणसानं निरोगी कसं राहावं? आजीला खाटेवर निजवण्यात आलं. उठायचं नाही, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. आत्या पायथ्याशी पहारा देत बसली. आणि आजीची सगळी कामं कोणाकडं गेली? जे पास झाले होते त्यांच्याकडं! आबा वांगी तोडतायत, आबा पाणी देतायत, आबा गाठोडी उचलतायत. मध्येच खिडकीतून डोकावून आजीला चिडवतायत, "काय वं नापास? कसं वाटून राह्यलं?" आणि मग खिडकीचा गज धरून बराच वेळ उभे राहतायत. मला वाटायचं, किती प्रेम!

आठवड्याचा बाजार आला. टेम्पो फाटकाशी थांबला, हॉर्न वाजला, आणि आजीशिवाय निघून गेला. आजी खाटेवर उठून बसली होती. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तिची मान तिकडं वळत राहिली. "शालिकराम आलूवाल्याचा डोया हाये माह्या जागेवर," ती एवढंच म्हणाली. त्यावर आत्या म्हणाली, "जीव मोठा का जागा मोठी?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी तर कहरच झाला. पप्पा दोघांना घेऊन अकोल्याला आले. कायमचे! मी शाळेसाठी आधीच परतले होते, खाली वाट बघत होते. आणि आता ती नसलेली लिफ्ट आली बघा गोष्टीत.

आजी म्हणे, "मी चढतो ना!"

आत्या म्हणे, "खबरदार!"

शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत आजीला बसवलं, पडू नये म्हणून ओढणीनं बांधलं (ओढणी माझी, नवी!), आणि एका बाजूनं पप्पा, दुसऱ्या बाजूनं शेजारचा प्रीतमदादा, अशी वरात निघाली. पुढं आत्या, हातात वाफ्यातून उचलून आणलेला वॉकर, "सरका! सरका! पेशंट हाये!" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं आणि आधी हात जोडले. त्यांना वाटलं, देवीची मिरवणूक आहे. आजीचा चेहराही त्या वेळी देवीसारखाच होता, राक्षस पाहिलेल्या!

मागून आबा. डोक्यावर संडासाची खुर्ची, काखेत पावडरीचा डबा. मी म्हटलं, "आबा, मी घेते." आबा म्हणाले, "सर पोरी! मी पास हाओ!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागून धाडकन आवाज झाला. संडासाची खुर्ची एकेक पायरी मोजत खाली निघाली होती. तिच्यामागं डबा. आणि आबा पायरीवर बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. उठायला गेले, पण पाय उठेनात.

"बाबा!" पप्पा ओरडले. "प्रीतम, तू धर, मी जातो!"

"काका, तुमी सोडलं तं आजी खाली येईल!"

"मंग तू सोड!"

"मी सोडलं तरीबी येईल!"

"रागिणी, तू धर!"

"मले चक्कर येऊन राह्यली!"

सगळे एकमेकांवर ओरडतायत आणि मधोमध आजी हवेत!

"गप्प बसा सारे!" आजी गरजली. असा आवाज मी बाजारातच ऐकला होता. "दोघंबी खुर्ची धरून उभे राहा. मी उतरतो."

तिनं ओढणीची गाठ एका झटक्यात सोडली (गाठ कसली, ओढणीच फाटली), टुणकन पायरीवर उतरली, पदर खोचला, आणि चार उड्यांत आबांपाशी! खाली बसली, त्यांचा हात स्वतःच्या गळ्यात घेतला. "टेका माह्यावर. घाबरू नका. मी हाओ." आणि त्यांना उठवून, अर्धं उचलूनच, आजी वर चढली. एकदाही न थांबता! तिच्यामागून पप्पा आणि प्रीतमदादा, रिकामी खुर्ची दोन्ही बाजूंनी जपून धरून.

घरात आल्यावर आजीनं आबांना साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि समोर बसून चौकशी सुरू केली.

"सकाळी भाकर खाल्ली होती का?"

"खाल्ली ना."

"कोनं खाल्ली?"

आबा खिडकीबाहेर पाहू लागले.

"मी खाटल्यावर होती, आंधळी नोती! कुत्र्याचं पोट पाह्यलं मी! बोला!"

मग निघालं सगळं. आबांची दाताची कवळी केव्हापासून टोचत होती. भाकर चाववत नव्हती. सांगायची लाज वाटली म्हणून अर्धी पाण्यात बुडवून गिळायची आणि अर्धी हळूच कुत्र्याला. पट्ट्याची भोकं फिटनेसची नव्हती! आणि त्यावर इतके दिवस पास झाल्याची शिक्षा म्हणून दुप्पट काम.

आबा बारीक आवाजात म्हणाले, "म्हटलं, माह्यं नाव निंघालं तं मळा सुटंल. तुहा नंबर लागला तं म्हटलं, लागू दे बाप्पा. मी सांभायतो तुले."

 आजीनं त्यांच्या सदऱ्याची बाही दुमडली. दंड केवढासा झाला होता! मी तो रविवारी पाहिलाच नव्हता. मी घड्याळ पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात. त्यांनी मला बघताच ओळखलं. "हेडसरवाली ना तू?"

त्यांनी आबांना चालायला सांगितलं. आबा गोऱ्ह्याच्या पवित्र्यात आले, तशा त्या म्हणाल्या, "आबा, बस पकडायची नाही आहे आपल्याला. चहा पिऊन मळ्यात निघता ना, तसं चाला." आबा तसं चालले. आम्ही सगळे बघत राहिलो. किती हळू चालत होते ते!

तपासून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "झरा आटायला लागलाय, पण आटलेला नाही. वेळेवर आलात. हे पुष्कळदा मागं फिरवता येतं. आधी कवळी दुरुस्त करून घ्या. रक्त तपासू, चालू गोळ्याही बघू. तोवर मऊ खाणं, पण ताकदीचं. डाळ, दूध, बेसनाचं चून. रोज चालायचं, आणि खुर्चीतून उठबस, कोणीतरी जवळ उभं राहून. झोपवून ठेवायचं मात्र नाही हं! झोपवलं की उरलेली ताकदही जाते."

आत्या छताकडं बघू लागली.

"आणि नापास झालेल्या ह्याच का? आजी, माझा हात आवळा बरं."

आजीनं आवळला. मॅडमच्या तोंडून "आई गं!" निघालं. नंतर त्या बराच वेळ डाव्या हातानं लिहीत होत्या.

"मग ह्या नापास झाल्या कशा?"

"हेच मी केव्हाचं सांगून राह्यली!" आजी उसळली. "माहे भासरे बसले होते ना समोर!"

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. म्हणजे मोठे आबा! आणि आमची आजी लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं मोकळं बोललेली नाही, तरातरा चाललेली नाही, आणि खुर्चीवर तर मुळीच बसलेली नाही.

"हे पोट्टी मले म्हने, त्यायच्या पुढं खुर्चीवर बस! पाच वेळा!"

"अगं मग तिथंच सांगायचं ना, आजी!"

"त्यायच्या पुढं बोलू काय?"

"मग ते गेल्यावर सांगायचं!"

"मंग तुही आत्या बोलू देते काय?"

आत्या पुन्हा छताकडं बघू लागली. मॅडम मात्र माझ्याकडं वळल्या. "मी शाळेत शेवटी काय सांगितलं होतं? ही फक्त चाळणी आहे, निकाल नाही. काही अडकलं तर डॉक्टरकडं आणायचं. आणि चाचणी शांतपणे, एकट्याची घ्यायची. आठवतं?"

मला टाळ्या आठवत होत्या.

मोठ्या आबांना फोनवर सगळं कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग मले उठून जा म्हनाचं ना बे! मी काय सुपारी घरी नसतो खाल्ली?"

आता उरली होती आजीची जागा. दोघं मळ्यावर परतली, तिसऱ्या बाजाराला आजी निघाली, आणि चुकीची भरपाई म्हणून मी तिच्यासोबत. लिंबाखाली शालिकराम बटाट्यांचं पोतं मांडून बसलाच होता. आजीला बघून तो उडालाच. "गोदाबाई! तुमी तं खाटल्याले लागल्या म्हने! सारा बाजार म्हनून राह्यला. नातीनं तपासलं म्हने!"

सारा बाजार माझ्याकडं पाहू लागला. मी मेथीच्या जुड्या मोजायला घेतल्या.

"शालिकराम, आलू उचल."

"आता काय माय, जागा तं—"

आजीनं पोत्याचे दोन्ही कान धरले, आणि भरलेलं पोतं, वरच्या तराजूसकट, घसाघसा ओढत लिंबाच्या पलीकडं नेऊन ठेवलं. मग पदरानं जागा झटकली आणि बसली. शालिकरामनं दोन्ही हात जोडले. "माय, पुढच्या वेळी नातीले जरा बरोबर तपासाले सांगा. आमचं नुसकान होते."

मी दिवसभर आजीशेजारी उकिडवी बसून मेथी विकली. संध्याकाळी आजी उठली, फडकं झटकलं, टोपलं उचललं. मी उठायला गेले. उठलेच नाही! मांड्यांनी संप पुकारला होता. शेवटी आजीनं एका हातात टोपलं आणि एका हातानं मला, असं दोघांना टेम्पोत टाकलं. वाटेत तिनं विचारलं, "थकवा येते का वं?" मी मान हलवली. वर-खाली.

आज सकाळी मी आई आणि पप्पांना समोर बसवलं आणि वक्तृत्वाच्या आवाजात सांगितलं:

"मी निर्णय घेतला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या क्लासला मी जाणार नाही. मी मळ्यावर राहणार. कोणी कोणाला अकोल्याला आणायचं नाही. आबांना रोज बांधावरून मी फिरवणार, उठबस मी करून घेणार, जेवताना ताटाजवळ बसणार आणि कुत्र्याला लांब बांधणार. बाजाराच्या दिवशी आजी बाजारात, मी आबांजवळ."

"आन मोठे आबा आले तं?" पप्पांनी विचारलं.

"त्यांनाही उठबस करायला लावणार. त्यांच्या घरी!"

पप्पांनी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं. "ठीक आहे, जा," आई म्हणाली. "पण ट्रेनरबाई, आधी त्या खुर्चीतून उठून दाखवा. हात न टेकता."

मी हात छातीवर बांधले. ओठ मिटले. डोळे वटारले. चेहरा वांग्याच्या रंगाचा झाल्याचं मला आतून कळलं.

"आणि हो," मी बसल्या बसल्याच जाहीर केलं, "आत्याचा तो वॉकर मी सोबत नेणार आहे. कोणासाठी, ते कोणी विचारायचं नाही!"